खिडकी उघडली म्हणजे झालं?

‘मी गॅलरीत जाऊन ओढतो, तिच्यासमोर नाही.’ घरात कुणी गरोदर असलं की सिगरेट ओढणारे हमखास असं सांगतात. आपण होऊ घातलेले इंजिनिअर, तेव्हा हे उत्तर जरा तपासून बघू या.

धूर दोन प्रकारचा. एक, माणूस झुरका घेऊन सोडतो तो. दुसरा, दोन झुरक्यांच्या मधे जळत्या टोकातून आपोआप निघतो तो. शेजारच्याच्या वाट्याला मुख्यतः हा दुसराच येतो. झुरका नसताना टोकाचं तापमान कमी, हवा कमी, म्हणजे ज्वलन अपूर्ण. फर्स्ट इयरचं केमिस्ट्री आठवा: अपूर्ण ज्वलन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. शिवाय हा धूर फिल्टरमधून जातच नाही!

हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आईच्या रक्तातून वारेमार्फत तो बाळाकडे पोचतो, तिथे आईपेक्षा जास्त साठतो आणि निघायलाही जास्त वेळ घेतो. निकोटिनही वार ओलांडतं आणि रक्तवाहिन्या आकसवतं. म्हणजे पाइप अरुंद आणि आतला मालही कमी. बाळाला दुसरी सप्लाय लाइनच नाही. अशा बाळांचं वजन सरासरीने थोडं कमी भरतं. ‘थोडंच ना’ असं वाटेल, पण जे आधीच २५०० ग्रॅमच्या काठावर आहे त्याला ते थोडंही महागात पडतं. बाळ पोटातच दगावण्याचा धोकाही वाढतो.

आता खिडकी. धुराचे कण मायक्रॉनहूनही बारीक, ते खाली बसत नाहीत, पंखा त्यांना फक्त घरभर फिरवतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की वेगळी खोली, एअर क्लीनर, व्हेंटिलेशन, कशानेच हा धूर पूर्ण थांबत नाही. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे, पण घराच्या आत कायदा पोचत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याचा धूर मिळत होता.

कॉलेजमध्ये तर कायदा आहे. तरी आमच्या विंगमध्ये झाडायला येणाऱ्या ताई सातव्या महिन्यात आहेत, आणि रात्रभर बंद असलेल्या खोल्यांचा पहिला भपका सकाळी त्यांनाच बसतो. त्या बोलत नाहीत. कंत्राटी नोकरी, बोलणार कशा? खरं तर हलायला हवं ओढणाऱ्यांनी, पण तोवर त्यांना विचारूनच आम्ही रेक्टरसरांना अर्ज लिहिलाय: पगार न कापता बाळंतपणापर्यंत त्यांना ऑफिसकडचं काम द्यावं. अर्ज मेसच्या काउंटरवर ठेवलाय, सह्या शनिवारपर्यंत घेतो आहोत. ओढणाऱ्यांच्याही चालतील.