शब्दपाठ : धीर



पाड्यावरच्या आमच्या रात्रीच्या वर्गात एका वारली बहिणीने पाटीवर लिहिले, ‘मी धीर आले.’ मग मी फळ्यावर चार वाक्ये लिहिली :

आईने मला धीर दिला.
मला धीर आला.
मी धीर धरला.
माझा धीर सुटला.

धीर देणारा दुसरा असतो, म्हणून ‘आईने’. धीर आपल्याकडे येतो, म्हणून ‘मला’. धरून ठेवायचा मात्र आपणच, म्हणून ‘मी’. नाही धरला, तर सुटतो.

तिने विचारले, “बाई, रेशनच्या दुकानात बोलायला माझा धीर होत नाही, हे बरोबर?”

“वाक्य बरोबर आहे,” मी म्हटले, “पण पुढच्या वेळी त्यातला ‘नाही’ काढून आणा.”

पंधरा दिवसांनी तिने वहीत लिहून आणले, ‘मला पावती मागायचा धीर झाला.’ तिच्या हातात पावतीही होती.

‘धैर्य’ हा शब्द ‘धीर’वरूनच झाला. पेत्र व योहान शिकलेले नव्हते, तरी त्यांचे धैर्य पाहून सभा थक्क झाली. ते येशूच्या सहवासात होते, हे लोकांनी ओळखले (प्रेषितांची कृत्ये 4:13). आमच्या बहिणींसाठी प्रार्थना करा. त्यांनाही धीर द्या.