जळगावची केळी आणि परदेशची बाजारपेठ

लहान धंद्यांना परदेशी बाजारपेठ का मिळत नाही, या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर भाषा, कायदे व भांडवल असे दिले जाते. ते खोटे नाही; परंतु आपल्या खानदेशात हा विचार करावयाचा तर केळीपासूनच करावा लागेल. केळीची बाग हाही एक लहान धंदाच आहे, आणि माझे वडील याच बागांतून डोक्यावर घड वाहत आले असल्यामुळे मला तो थोडाफार ठाऊक आहे.

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईस रवाना झाली. बातमी अभिमानाची खरीच. परंतु २२ टन म्हणजे जेमतेम एक मोठा कंटेनर, आणि खरी अडचण त्या एका कंटेनरातच आहे.

थोडा हिशेब करू. पाच बाय पाच फुटांवर लागवड केल्यास एकरी सुमारे १७४० झाडे बसतात. घड २० किलोचा धरला तरी सुमारे ३५ टन माल होतो. म्हणजे कागदावर एका एकरात कंटेनर भरून उरतो! प्रत्यक्षात घड एकाच दिवशी तयार होत नाहीत. कापणी कित्येक आठवडे चालते. कंटेनरला मात्र सारख्या वयाचा, सारख्या जाडीचा, बिनडागी माल एकदम हवा. दिल्लीच्या ट्रकमध्ये घड रचून भरतात. थोडे खरचटले तरी खपून जाते. दुबईच्या मालाच्या फण्या वेगळ्या करून, धुऊन, खोक्यांत भराव्या लागतात. पुढे धुळे-नाशिकमार्गे न्हावा-शेवा बंदरापर्यंत आणि जहाजावरही १३-१४ अंश तापमान राखावे लागते. त्याहून थंडावा वाढला तरी साल काळवंडते. ही सारी सोय दोन एकरवाल्याने एकट्याने कोठून करावी?

कागदपत्रांचा मात्र आपण उगीच बाऊ करतो. आयात-निर्यात क्रमांक आता घरबसल्या मिळतो. गिऱ्हाइकाने पैसे बुडविल्यास विम्याची सरकारी व्यवस्था १९५७ पासून आहे. तथापि परदेशाहून पैसे येईपर्यंत मजुरी थांबत नाही, आणि हे थांबणे मोठ्या निर्यातदारालाच परवडते.

दहा-पंधरा शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात लागवड करावी, म्हणजे माल एकदम तयार होईल, हा उपाय मला पटतो. फक्त विहिरीचे पाणी, मजूर आणि रोपांसाठी काढलेले कर्ज, ही तिन्ही प्रत्येकाच्या हाती वेगवेगळ्या आठवड्यात येतात.