मामा तलावांतील औषधी वनस्पती व निसर्गपर्यटन

प्रास्ताविक : औषधी द्रव्याचे रस, गुण, वीर्य व विपाक यांची चर्चा आपण वैद्य नेहमीच करतो; ते द्रव्य कोणत्या भूमीत वाढले, याची चौकशी मात्र क्वचितच होते. चरकसंहितेच्या कल्पस्थानात द्रव्यसंग्रहापूर्वी जांगल, आनूप व साधारण अशा देशभेदाचा विचार सांगितला आहे. आनूप वनस्पतींच्या अभ्यासासाठी भंडारा जिल्ह्यातील तलावांसारखे दुसरे स्थळ विदर्भात विरळाच.

पार्श्वभूमी : गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि ते शासनाकडे गेले. म्हणून त्यांना माजी मालगुजारी, अर्थात ‘मामा’ तलाव म्हणतात.

वनस्पती : पाण्यात कमळ, कुमुद व शिंगाडा, ओलसर काठावर जलब्राह्मी, माका, नागरमोथा व कोळसुंदा (कोकिलाक्ष), पाणी ओसरलेल्या गाळात व धानाच्या बांध्यांत गोरखमुंडी, असा साधारण क्रम आढळतो. रक्तार्शात पद्मकेसर, वातरक्तात कोकिलाक्ष आणि यकृत्‌विकारांत भृंगराज आपण योजतो. ही सर्व द्रव्ये एकाच जलाशयाच्या आश्रयाने वाढतात, हे लक्षात घ्यावे.

संग्राहक ‘ब्राह्मी’ म्हणून कधी जलब्राह्मी, तर कधी मंडूकपर्णी आणून देतात. पहिलीची पाने लहान, मांसल व जवळजवळ देठरहित असतात. दुसरीची लांब देठाची व वृक्काकार. औषधी निर्मात्यांनी ही खात्री ओल्या अवस्थेतच करावी. शिवाय जलवनस्पती पाण्यातील व गाळातील जड धातू शोषून घेतात. त्यामुळे सांडपाणी मिसळणाऱ्या तलावातील द्रव्य वर्ज्य समजावे.

संकट व उपाय : बेशरम व जलकुंभी या परदेशी वनस्पतींनी अनेक तलावांचे काठ व पाणी व्यापले आहे. त्यांच्या दाटीत स्थानिक वनस्पती टिकत नाहीत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजाच्या सहकार्याने या भागातील काही तलावांतून बेशरम काढून, तळ नांगरून स्थानिक जलवनस्पतींची लागवड केली. मत्स्यसंवर्धनासाठी झालेले हे कार्य आपल्या औषधींच्या अधिवासालाही उपकारक आहे.

पर्यटनाचा विचार येथेच येतो. २०१३ मध्ये कोका अभयारण्य घोषित झाले आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही अस्तित्वात आला. जंगलासाठी येणाऱ्या पाहुण्याला तलावही दाखविता येईल. कोकणात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचतगट वल्ह्याच्या होडीतून खारफुटीचे दर्शन घडवितो; खारफुटी जिवंत राहण्यातच त्या गटाची मिळकत आहे. आपल्याकडे हे काम ढीवर बांधवांनी करावे. मात्र यंत्राच्या होड्या, काँक्रीटचे काठ व शोभेची बाग आली, तर माका व ब्राह्मी यांची जागाच नाहीशी होईल.

निष्कर्ष : आम्ही व्यावसायिकांना पुढील सूचना करतो.

१. खरेदीच्या नोंदीत तलावाचे व गावाचे नाव लिहावे.

२. कंद शरदात घ्यावेत, आणि काही कंद पुढील वर्षासाठी जागीच राखावेत.

३. संग्राहकास द्रव्याच्या शुद्धतेनुसार वाजवी दर द्यावा.

जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष वैद्यांना काही बंधनांतून सूट दिली आहे. परंतु कायद्याने सूट दिली म्हणून वैद्यधर्म सुटत नाही. तलाव आटला, तर ग्रंथातील पाठ शुद्ध राहील आणि बरणी मात्र रिकामी राहील.