दाताचा ‘फोटो’ : भीती कशाची बाळगावी?

“डॉक्टर, त्या फोटोत काही धोका नाही म्हणता, मग बटण दाबायच्या वेळी दाताचे डॉक्टर भिंतीआड का गेले?”

मोहने येथील एका गृहस्थांनी मला विचारलेला हा प्रश्न. वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेह जुना आणि खालची उजवी दाढ ठणकत असलेली. पहिल्या खेपेस मी गोळ्या लिहून दिल्या व दंतवैद्याकडे जावयास सांगितले. ते गेलेही, पण एक्स-रे काढायची वेळ येताच किरणांना घाबरून खुर्चीतून उठून घरी आले. पुढचे तीन आठवडे लवंगेचे तेल आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या यांवर काढले. पुन्हा माझ्याकडे आले तेव्हा जबड्याखाली टणक सूज होती, अंगात ताप होता, तोंड दोन बोटेही उघडत नव्हते. त्याच दिवशी त्यांना कल्याणला रुग्णालयात हलवावे लागले. शस्त्रक्रिया करून पू काढला म्हणून निभावले. ही सूज गळ्यात उतरली तर श्वास कोंडून माणूस दगावू शकतो. यात थोडी चूक माझीही होती. गोळ्या देऊन मी मोकळा झालो. फोटो काढला का, हे विचारलेच नाही. त्यांचा प्रश्न मात्र रास्त होता, आणि त्याचे उत्तर एक्स-रेच्या इतिहासातच सापडते.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन या शास्त्रज्ञाला हे अदृश्य किरण सापडले. नेमके कसले किरण हे ठाऊक नसल्याने त्यांनी ‘एक्स’ हे नाव दिले. आपण त्यांना क्ष-किरण म्हणतो. राँटजेन यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळाले.

शोध जाहीर झाल्यावर काही दिवसांतच, जानेवारी १८९६ मध्ये, ब्राउनश्वाइग गावचे दंतवैद्य ओटो वालकॉफ यांनी स्वतःच्याच दातांचा फोटो काढला. काळ्या कागदात गुंडाळलेली काचेची पट्टी तोंडात धरून ते तब्बल २५ मिनिटे किरणांसमोर राहिले. आज तेच काम सेकंदाच्या एका लहानशा अंशात होते.

हे घडते कसे? यंत्राच्या नळीत टंगस्टनची बारीक तार तापविली जाते. तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन साठ-सत्तर हजार व्होल्टच्या जोराने समोरच्या धातूवर आदळतात. त्यातील जवळजवळ सर्व शक्ती उष्णतेत जाते. शंभरातील एक भागही क्ष-किरणांत उतरत नाही. हे किरण गाल व हिरडीतून सहज पार होतात, दात व हाड मात्र त्यांना अडवितात. भिंतीवर हाताची सावली पडावी तशी दाताची सावली फिल्मवर किंवा संगणकाला जोडलेल्या पट्टीवर उमटते. जिथे किरण अडले तो भाग पांढरा, जिथे पार झाले तो काळा. दाताचे वरचे कवच पांढरे दिसते, दाढेत भरलेली चांदी तर लख्ख पांढरी. आतील नस, कीड आणि मुळाशी साठलेला पू काळसर दिसतो.

म्हणूनच आरशात न दिसणारे पुष्कळ काही फोटोत दिसते : दोन दातांच्या फटीत लपलेली कीड, हिरडीखाली झिजलेले हाड, आडवी अडकलेली अक्कलदाढ, मुलांच्या दुधाच्या दातांखाली तयार होणारे कायमचे दात. मात्र फोटो म्हणजे सर्वज्ञ नव्हे. मुळाशी असलेल्या हाडातील बराच क्षार झिजल्याशिवाय तेथील काळा डाग दिसत नाही. त्यामुळे फोटो स्वच्छ असूनही दाढ ठणकत असेल तर पुन्हा दाखवावे.

एक-दोन दातांसाठी तोंडात ठेवावयाची लहान फिल्म पुरते. दोन्ही जबडे एकत्र पाहावयाचे असल्यास डोक्याभोवती फिरणाऱ्या यंत्रावर ‘ओपीजी’ काढतात. तिन्ही बाजूंनी चित्र देणारा सीबीसीटी हा त्यापुढचा प्रकार. त्यात किरणांची मात्रा जास्त असल्याने तो खरी गरज असेल तरच काढावा.

आता त्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते. १८९६ पासूनच त्यांनी दातांचे एक्स-रे काढावयास सुरुवात केली. रुग्णाच्या तोंडातील फिल्म ते स्वतःच्या बोटांनी धरीत आणि किरणांचा जोर आपलाच हात समोर धरून तपासीत. वर्षानुवर्षे हे चालले. हाताला कर्करोग झाला. आधी बोटे, मग हात असे करीत एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. १९२८ साली त्या यातनांतच त्यांनी आपले जीवन संपविले. त्याच काळात बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स किरणांपासून सावध राहा, शिसे वापरा, असे सांगत होते. पण फार थोड्यांनी ऐकले.

दंतवैद्य भिंतीआड जातात ते यासाठी. तुमचा फोटो वर्षा-दोन वर्षांत एखादा, त्यांच्या समोर तो रोज अनेकदा निघतो. कंडक्टर दिवसभर धक्के खातो, प्रवासी दोन थांब्यांपुरते, तसेच हे.

मात्रेचा हिशोबही पाहा. माती, दगड, हवा, आकाश यांतून प्रत्येकाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतके नैसर्गिक किरण मिळतातच. दाताच्या एका लहान फोटोत सुमारे ०.००५ मिलिसिव्हर्ट, म्हणजे साधारण एका दिवसाच्या नैसर्गिक किरणांइतके. ओपीजीत दोन-चार दिवसांइतके. शून्य नव्हे, पण मुळाशी साठलेल्या पुवापुढे नगण्य.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे :

१) गरोदर असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास आधी सांगावे. तातडीचा फोटो तेव्हाही काढता येतो. झोत दातापुरता असतो, पोटापर्यंत पोहोचणारे किरण अगदीच नाममात्र असतात.

२) जुने फोटो जपून ठेवावेत व दाखवावेत. कारणाशिवाय दुसऱ्यांदा काढू नये.

३) फिल्म धरण्यासाठी साधन असते. डॉक्टरांनी वा नातेवाइकांनी ती बोटाने धरू नये.

४) यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. हे मंडळ १९८३ साली स्थापन झाले व त्याचे कार्यालय मुंबईतच आहे. परवानगी आहे का, हे विचारण्यात गैर काही नाही.

५) शिशाचा अंगरखा दिल्यास घालावा. झोत अरुंद असेल तर त्याची दर वेळी गरज नाही, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये म्हटले आहे. म्हणून तो नसला तरी घाबरून उठू नये.

खर्चाची अडचण असेल त्यांनी सरकारी दवाखान्याची वाट धरावी. आंबिवलीहून थेट लोकलने सीएसएमटी गाठता येते. तेथून जवळच, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलजवळ नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून चालू आहे.

आमचे ते गृहस्थ बरे झाल्यावर स्वतःहून फोटो काढून आले. दाढेच्या मुळाशी वाटाण्याएवढा काळा डाग होता. बराच वेळ तो उजेडासमोर धरून पाहत ते म्हणाले, “डॉक्टर, एवढ्याशासाठी जीव गेला असता!”

गोळीने ठणका थांबतो, डाग थांबत नाही. दाढ दुखून दोन दिवसांत राहिली नाही तर दंतवैद्याकडे जा, आणि फोटो सांगितला तर काढून घ्या. सूज, ताप किंवा तोंड उघडेनासे झाले तर मात्र दोन दिवसही थांबू नका.