पिवळी पावलं

१. देगलुरात आमच्या भाटीला, म्हणजे मांजरीला, चार पिल्लं झाली, तेव्हा त्यांच्या शी-शूसाठी वखारीतून पोतंभर भुसा आणून घमेल्यात ओतला. फुकटचा माल, वासही दबत होता. पण भुसा हलका. पंजाला, शेपटीला लागून तो चुलीपर्यंत पोचायचा. झाडून टाकायचे, विसरून जायचे.

२. मग एक पिल्लू उलट्या करू लागलं. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायचं, पाणी मात्र प्यायचं नाही. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावं की नको, या घोळात मीच दोन दिवस घालवले. गेलं. मांजरांचा पार्वो, असं नंतर डॉक्टरांकडून कळलं. याचा विषाणू विष्ठेतून पडतो आणि घरातल्या घरात वर्षभरही तग धरतो. त्याच्यापुढे भुसा काय नि माती काय! सगळं फेकलं, घमेलंसुद्धा.

३. फिनाईलची बाटली उचलली होती, डॉक्टरांनी थांबवलं. मांजराच्या यकृताला फिनॉल पचत नाही आणि पार्वोला त्याने फारसं काही होतही नाही. चालतं ते ब्लीच: एक भाग द्रव ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. त्याआधी घाण साबणाने खरवडून काढायची, कारण घाणीवर ब्लीचचा जोर ओसरतो.

४. पार्वोहून मांजरांचा कोरोना वेगळा. माणसांच्या कोविडशी त्याचा संबंध नाही. तोही विष्ठेतूनच, एकाच ट्रेमधून पसरतो. बहुतेक मांजरांना काही होत नाही, थोड्यांना मात्र त्यातून एफआयपी हा गंभीर आजार होतो. संशोधक डायान अ‍ॅडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळी कॅट लिटरं (मांजरांच्या ट्रेमध्ये घालायचे दाणे) प्रयोगशाळेत या विषाणूवर तपासली. 2020 मध्ये तो लेख छापून आला. फुलर्स अर्थवाली लिटरं सरस ठरली. प्रत्यक्ष मांजरांच्या घरात मात्र प्रसार पूर्ण थांबला नाही.

फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती! मी लगेच किराणा दुकानातून अर्धा किलो आणली. ती चेहऱ्याला लावायची बारीक पूड, लिटरचे दाणे नव्हेत, हे डोक्यात आलंच नाही. मूत पडताच चिखल. सकाळी पाहते तर घमेल्यापासून दुधाच्या ताटलीपर्यंत, तिथून माझ्या उशीपर्यंत पिवळी पावलं. विषाणू घरात कसा फिरतो, हे तेव्हा डोळ्यांना दिसलं. भुशाच्या वेळीही तो असाच फिरला असणार, फक्त रंग नव्हता.

५. आता पंजाला न चिकटणारे जाड दाणे आणते. मांजरं दोन, ट्रे तीन, खाण्याच्या जागेपासून लांब. विष्ठा दिवसातून दोनदा उचलते.

६. तीन रोगांवरची एकत्र लस दोघांनाही दिलीय. त्यात पार्वो येतो, कोरोना येत नाही. आणि भाटी एवढं करूनही दार उघडं दिसलं की शेजारच्या बांधकामाच्या वाळूवर जाऊन बसते. गल्लीतले सगळे बोके तिथेच जातात.