भिंतीतली पेटी



दक्षिण कोरियातील सोल शहरात एका लहान चर्चच्या भिंतीत एक पेटी बसवलेली आहे. आत ऊब आणि पांघरूण. बाहेरून दार उघडले की आत घंटी वाजते आणि कुणीतरी धावत येते. ज्या आईला बाळ सांभाळणे शक्य नाही, तिने ते रस्त्यावर न टाकता इथे ठेवावे, यासाठी पास्टर ली जोंग-राक यांनी २००९ च्या डिसेंबरात ही पेटी बसवली. ब्रायन आयव्ही या तरुणाने त्यांच्यावर केलेला ‘द ड्रॉप बॉक्स’ हा माहितीपट २०१५ साली अमेरिकेतील चित्रपटगृहांत दाखवला गेला. हे काम करता करताच आपण ख्रिस्ताकडे वळलो, असे आयव्हीने सांगितले आहे.

करुणा कुठे शिकली?

पास्टर ली यांचा मुलगा उन-मान जन्मतःच गंभीर अपंग होता. तो अंथरुणाला खिळलेला होता आणि त्याची अनेक वर्षे इस्पितळात गेली. त्याची सेवा करता करता इतरांच्या अपंग मुलांची जबाबदारीही या दांपत्याकडे आली. पुढे २००७ मध्ये थंडीच्या दिवसांत त्यांच्या दाराशी मासळीच्या खोक्यात ठेवलेले एक बाळ सापडले. थोडा उशीर झाला असता तर? या प्रश्नातून पेटी जन्माला आली. उन-मान २०१९ मध्ये देवाघरी गेला. ज्याला एक शब्दही बोलता येत नव्हता, तोच आपल्या बापाचा गुरू ठरला.

आक्षेपही समजून घेऊ

अशा पेट्यांमुळे मूल टाकणे सोपे होते आणि मुलाला आपले मूळ कधीच कळत नाही, असे टीकाकार म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनेही पेट्यांना विरोध केला आहे. हा आक्षेप पोकळ नाही. दुसरीकडे, २०१२ च्या कायद्याने दत्तक देण्यापूर्वी आईने जन्मनोंद करणे सक्तीचे झाले, तेव्हा लोकलाजेने पेटीत येणारी बाळे वाढली. २०२४ च्या जुलैपासून कोरियात इस्पितळेच जन्माची माहिती सरकारला कळवतात आणि अडचणीतील आईला नाव गुप्त ठेवून बाळंत होता येते.

पेटीचे काम बाळ उचलण्यावर संपत नाही. घंटी वाजताच सेवक आईलाही गाठतात, तिचे ऐकून घेतात. मदतीचा आधार मिळाल्यावर काही आया बाळ परत घेऊन जातात.

शास्त्राच्या प्रकाशात

निर्गम २ वाचा. मोशेच्या आईने त्याला पेटाऱ्यात घालून लव्हाळ्यांत ठेवले, पण बहीण दूर उभी राहून पाहत होती. शेवटी बाळ दूध पिण्यासाठी पुन्हा आईच्याच कुशीत आले. पेटारा हा नाइलाज होता, आईची कूस हे देवाचे दान होते. मार्क ९:३७ मध्ये तर लेकराचा स्वीकार करणाऱ्याने आपलाच स्वीकार केला, असे प्रभू येशू मानतो.

आपल्यासाठी

आपल्या देशात २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार असहाय आई आपले बाळ बालकल्याण समितीकडे सोपवू शकते. तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. असे बाळ परस्पर कुणाला दत्तक देणे मात्र गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

पण कायद्यापाशी पोहोचण्याआधी ती मुलगी आपल्या शेजारी राहत असते. तिला आपल्याकडे यायची भीती का वाटते? आपल्या जिभेची! ती भीती घालवणे कोणत्याही पेटीपेक्षा मोठे काम आहे.

कुटुंबात चर्चा करा
१. आपल्या मुलीवर असा प्रसंग आला तर ती प्रथम आपल्याकडे येईल का?
२. अपंग मुलाचे संगोपन करणाऱ्या शेजाऱ्याला आठवड्यातून दोन तास विसावा आपण देऊ शकतो का?
३. दत्तक मुलाविषयी आपण घरात कोणत्या शब्दांत बोलतो?