वाईट सवय कुठून सुरू होते?



दारू, तंबाखू, मटका, मध्यरात्र उलटली तरी हातातून न सुटणारा मोबाईल. या सवयी घात करतात हे आता कोणाला शिकवावे लागत नाही. तंबाखूच्या पुडीवर तर चित्रासकट छापलेले असते. तरीही हात तिकडे जातो. नीतिसूत्रे या ग्रंथाच्या 23 व्या अध्यायाच्या शेवटी अशाच एका मद्यप्याचे वर्णन आहे. तो मार खातो, त्याला भान नसते, आणि जाग येताच पहिला विचार पुन्हा प्याल्याचाच. वर्णन इतके जुने, पण वाचताना शेजारच्या घरातले वाटते.

या बाबतीत आम्हांला संत इग्नेशियस लोयोला फार जवळचे वाटतात. 1522 साली ते मानरेसा येथे आले. तेथे ते दररोज सात तास प्रार्थना करीत, कडक उपास करीत, केस व नखेही कापत नसत. जुनी पापे नीट सांगितली की नाही, या शंकेने त्यांना इतके पछाडले की जीव द्यावा असे विचार मनात येऊ लागले. एकदा त्यांनी आठवडाभर अन्न घेतले नाही. अखेर पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी आज्ञा केली, तेव्हा ते जेवले. म्हणजे स्वतःचा नाश करणारी सवय नेहमी गुत्त्यातच लागते असे नाही. ती भक्तीचे कपडे घालूनही येते.

मग त्यांनी एक गोष्ट ध्यानात घेतली. झोपायला गेले की मनात थोर, आनंददायक विचार दाटून येत आणि आधीच थोडी असलेली झोप उडून जाई. विचार तर देवाचेच! पण देवासाठी ठरवलेला वेळ दिवसा दिलेला होता, ही वेळ झोपेची होती. हे विचार चांगल्या आत्म्याकडून आले असतील का, अशी शंका त्यांना आली, आणि त्यांनी ते सोडून झोपायचे ठरवले. पुढे 1548 साली फ्रान्सिस बोर्जा यांना पत्र लिहून त्यांनी उपास कमी करा, शरीराची काळजी घ्या असे कळवले.

त्याच वर्षी पोपमहोदय तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात हा अनुभव नियम होऊन आला आहे. विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही पाहावेत. शेवट वाईट झाला, तर एकेक पाऊल मागे जाऊन आपण नेमके कुठे वळलो ते शोधावे. कामावरून दमून आलो, घरात कटकट झाली, 'जरा चक्कर मारून येतो' म्हणालो, नाक्यावर मित्र भेटला. गुत्ता शेवटी आला. खरे वळण 'जरा चक्कर' या शब्दांशीच होते, आणि तेथे थांबणे त्या मानाने सोपे असते.

त्याच पुस्तकात एक साधा हिशेबही आहे. सवय एकच निवडायची. सकाळी उठताच निश्चय, दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर तपासणी. प्रत्येक दिवसाच्या दोन रेघा आखायच्या, जितक्या वेळा पडलो तितक्या खुणा करायच्या. आज कालपेक्षा कमी का, हा आठवडा गेल्यापेक्षा बरा का, एवढेच पाहायचे. दुकानाची वही लिहिणाऱ्याला हे चटकन जमेल. सगळ्याच सवयी एकदम सोडण्याचा नवस मात्र करू नये. तो सहसा आठवडाभर टिकतो.

इग्नेशियस आणखी सांगतात की सैतानाला गुप्तता आवडते, गोष्ट उघड झाली की त्याचा डाव फसतो. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांतही माणूस आपली गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगतो. त्यांच्या बारा पायऱ्यांचे या साधनेशी असलेले साम्य एड डाउलिंग या येशूसंघीय धर्मगुरूंच्या ध्यानात आले होते. आपल्याकडे तर प्रायश्चित्त संस्कार आहेच. मात्र ज्यांना रोज भरपूर पिण्याची सवय आहे, त्यांनी एका दिवसात स्वतःहून बंद करू नये. थरथर, भास, झटके येऊन प्राणावर बेतू शकते. अशा वेळी घरच्यांनी लाज न धरता आधी डॉक्टरांकडे न्यावे. वहीच्या रेघा नंतर आखता येतील.